नाही म्हणणाऱ्यांचे घर

आमच्या घरात देव्हारा होता आणि त्यात तूरडाळ होती.

सासूबाई गेल्यावर मामंजींनी घरातले देव उचलून मूळ गावी भाऊबंदांकडे पोचते केले. रिकाम्या देव्हाऱ्याचे काय करायचे हे कुणी ठरवले नाही. मी लग्न होऊन रत्नागिरीस आले तेव्हा तो माजघराच्या कोपऱ्यात धूळ खात उभा होता. शिसवी लाकूड, घट्ट बसणारे दार, उंदराला शिरायला फट नाही. मी तो पुसून आत डाळीचे डबे ठेवले. थोरल्या जाऊबाईंनी काही दिवस तोंड फिरवले, मग त्याही त्यातूनच डाळ काढू लागल्या. काढण्याआधी हात तेवढे जोडत. समोर डबा असताना त्या नमस्कार कुणाला करतात, हे मी कधी विचारले नाही.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. त्या वर्षांत रत्नागिरीत देवळात कोणी शिरावे आणि कोणी शिरू नये यावर सभा होत, सभांवरून भांडणे होत, आणि आळीतल्या बायका विहिरीवर त्या भांडणांचा निकाल लावीत. आमच्या घराला त्यांनी नास्तिकांचे घर असे नाव दिले होते. नाव सोयीचे होते, पण बरोबर नव्हते. एका पंगतीला जेवूनही आमच्यातल्या कोणत्याही दोघांचे 'नाही' सारखे नव्हते. तो फरक एका उन्हाळ्यात जाऊबाईंच्या जिवावर बेतला, म्हणून नीट सांगते.

मामंजी पेन्शनीत निघालेले मास्तर. त्यांचे 'नाही' सरळ होते. देव नाही, नव्हता, माणसाने भीतीपोटी केला. त्यांना कुणी नास्तिक म्हटले की ते चिडत, पण भलत्याच कारणासाठी. "नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. वेद न मानणारे कितीतरी लोक पहाटे उठून पूजा करीत आले आहेत. मी निरीश्वरवादी आहे. शब्द नीट वापरावा." हा फरक विहिरीवरच्या बायकांना समजावून सांग, असेही त्यांनी मला बजावले होते. मी सांगितला नाही. मला तिथे रोज पाणी भरायचे होते.

माझे यजमान कोर्टात कारकून. ते म्हणत, "मला माहीत नाही." आहे म्हणणाऱ्याजवळ पुरावा नाही, नाही म्हणणाऱ्याजवळही नाही, मग निकाल कशावर द्यायचा? अशा माणसाला अज्ञेयवादी म्हणतात हे मी पुढे एका मासिकात वाचले. तेव्हा घरात त्याला नाव नव्हते, नुसता वैताग होता.

"तू निकाल न देताच कोर्ट उठवतोस," मामंजी जेवताना म्हणत. "कारकुनाला निकाल नकोच असतो. तारीख पाहिजे."

"तुम्ही साक्षीदार न तपासता निकाल दिलात, बाबा."

"समन्स धाडून धाडून माझा जन्म गेला. साक्षीदार हजरच होत नाही, त्याला मी काय करू?"

"गैरहजर म्हणजे मेला, असं कोर्ट धरत नाही."

"ताक वाढू का?" मी विचारी. त्या वादात माझे मत कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला ते नव्हते. देव असला तरी चूल मलाच पेटवायची होती, नसला तरी मलाच. ज्या उत्तराने माझा दिवस बदलत नव्हता त्या प्रश्नात माझे मन रमत नसे. माझ्या माहेरी, दापोलीकडे, देव भरपूर होते, पण त्यांच्याकडे कुणी काही मागत नसे. म्हाताऱ्या नातलगांना जपावे तसे त्यांना वेळेवर अंघोळ आणि जेवण मिळे. मी तशातच वाढले.

थोरले दीर मुंबईला नोकरीस होते. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता आणि ते सगळेच करीत. बोटात खड्याची अंगठी, खोलीत ओळीने तसबिरी, सोमवार एका देवाचा, शनिवार दुसऱ्याचा. "असला तर रागवायला नको, नसला तर एक नारळ गेला," असे ते हसत म्हणत. मामंजींना सगळ्यांत जास्त राग या मुलाचा येई. "तो धाकटा निदान आपल्याला कळत नाही हे कबूल तरी करतो," असे म्हणत.

मानणाऱ्या एकट्या जाऊबाई. मूळ गावाशेजारच्याच वाडीतली मुलगी. रत्नागिरीहून गाडीवाटेने कातळ ओलांडून गेले की ते गाव लागते, आणि गावाच्या वर राईत ग्रामदेवीचे देऊळ आहे. जाऊबाई तिला देवी म्हणत नसत, आई म्हणत. लग्नानंतर दिरांनी त्यांना एकदा मुंबईस नेले होते, देवीला न विचारता. तिथल्या चाळीत त्यांचे पहिले मूल गेले. त्या परत आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. दीर वर्षातून एकदा येत. मूल पुन्हा झाले नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमारास जाऊबाईंचे पोट वाढू लागले. विहिरीवर बायकांनी डोळे मोठे करून विचारले, "काय गो, धाकटी, जाऊ गोड बातमी लपवते की काय?" मीही थोडे दिवस तसेच समजले. मग त्यांचे हातपाय काटकुळे दिसू लागले आणि चेहरा उतरला. मी डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी तपासले आणि ओटीवर येऊन मामंजींना सांगितले, "पोटात गोळा आहे. कापून काढायला हवा. इथं नाही होणार. मुंबईला न्या, आणि बोटी बंद व्हायच्या आत न्या."

बोटी मे महिन्याच्या अखेरीस बंद होत, त्या नारळी पौर्णिमा झाल्यावर सुरू होत. घाटातून कोल्हापूरला मोटार जाई आणि पुढे आगगाडी होती, पण त्या रस्त्याने धडधाकट माणसाची आतडी हलत. डॉक्टरांनी त्याला साफ मनाई केली. बोटीत निजून जाता येईल, म्हणाले. दिरांना कळवले. त्यांनी इस्पितळात जागा ठरवली. मी जाऊबाईंची दोन लुगडी धुऊन वाळत घातली.

जाऊबाई म्हणाल्या, "कौल घ्या. आई हो म्हणाली तर जाईन. तिला न विचारता मी समुद्र ओलांडणार नाही, आणि अंगाला सुरी तर लावूच देणार नाही. एकदा न विचारता गेले होते."

कौल म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला फुलाच्या दोन कळ्या पाण्याने चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणे घालतो, म्हणजे तुमचे म्हणणे देवीच्या कानावर घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे सगळे यावर चाले. मात्र घराचा कौल घरातल्या कर्त्या पुरुषानेच मागायचा असतो. नारळ त्याच्या हातात पाहिजे. तो हयात असताना मुलाचे मागणे चालत नाही, आणि बाईचे तर नाहीच.

आमचा कर्ता पुरुष म्हणजे मामंजी.

ते नाही म्हणाले. आवाज चढवला नाही, एवढेच. "मी एकदा उभा राहिलो होतो, तुमच्या सासूच्या वेळी. तेव्हा मी मानत होतो, मनापासून. तिला मिरजेच्या इस्पितळात न्यायचं होतं. डावी पडली. गुरव म्हणाला, शिमग्यानंतर विचारा. शिमग्याला ती नव्हती." मग जाऊबाईंकडे वळून म्हणाले, "मुली, तुला मी तसा मरू देणार नाही. तू बोटीत बसायचं."

"कौल घ्या, मी आज बसते," जाऊबाई म्हणाल्या.

असा एप्रिल गेला.

मामंजींनी मास्तरकी सुरू केली. रोज सकाळी जाऊबाईंच्या बिछान्यापाशी पाट मांडून बसत आणि कारणे सांगत. एक दिवस त्यांनी माझा पाटा धुऊन भिंतीला उभा करायला लावला, अंगणातून कण्हेरीच्या कळ्या आणल्या आणि त्या ओल्या करून पाट्याला लावल्या. "बघ आता. जिच्याखालचं पाणी आधी सुकेल ती आधी पडेल. खिडकीकडची आधी पडणार, वारा तिकडून आहे." खिडकीकडचीच पडली. मामंजींनी पुन्हा लावल्या, जागा बदलून. पुन्हा खिडकीकडचीच. त्यांचा चेहरा शाळेत गणित सुटल्यावर व्हावा तसा झाला.

जाऊबाईंनी सगळे लक्ष देऊन पाहिले. मग म्हणाल्या, "पण मामंजी, पाट्यात आई नाही ना. मग कळी पाण्यानेच पडायची."

ह्यांच्याकडे मी वेगळे बोलले. म्हटले, बाबांकडून परवानगी घ्या आणि तुम्ही उभे राहा, काहीतरी जमवून घेऊ.

"मी कसा उभा राहू?" हे म्हणाले. "मागायचं म्हणजे कोणीतरी आहे असं धरावं लागतं. बाबा नाही म्हणतात ते त्यांना ठाम वाटतं म्हणून. मला तेही वाटत नाही. मी हात जोडले तर ते खोटं, आणि वहिनीला कौल खोटा म्हणून सांगितलं तर तेही खोटं."

"मग करणार काय?"

"तेच कळत नाही."

हे खरे होते. त्यांना खरोखर कळत नव्हते, आणि आपल्याला कळत नाही हे ते इतक्या प्रामाणिकपणे सांगत की समोरच्याला पुढे बोलता येत नसे. मी बंदरावर जाऊन आगबोटीच्या कचेरीत अखेरची बोट कधी ते विचारून आले.

त्यांना तशाच उचलून पडावात, म्हणजे आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, घालावे, असेही माझ्या मनात आले. डॉक्टर म्हणाले, ज्या बाईला जायचे नाही तिच्या पोटाला कोणी हात लावणार नाही. तिचा होकार पाहिजे.

मे उजाडला. घरात पावसाळ्याच्या बेगमीची घाई. रातांबे फोडायचे, आमसुले वाळवायची, लाकडे आत घ्यायची, आणि दोघींचे काम मी एकटी करीत होते. त्या गडबडीत एक दिवस ओटीवर रातांबे फोडताना मी मामंजींना विचारले. ते आढीतले आंबे निवडत होते.

"मामंजी, देव नाही याबद्दल तुम्हाला शंका नाही ना?"

"नाही."

"मग देवळात जाऊन चार शब्द बोललात तर काय बिघडेल? समोर कुणी नाहीच, तर खोटं बोलणार कुणाशी?"

त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. "सुनेशी," म्हणाले.

मी पुढचा रातांबा उचलला.

"तिला वाटेल, मामंजींनी मानलं," ते म्हणाले. "तिच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि अशा वेळी मी तिलाच फसवू? देव खोटा असेल. ती तर खरी आहे."

त्यांचे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. पण त्या घरात तोवर प्रत्येकाचे म्हणणे बरोबरच होते, आणि जाऊबाईंना आता ओटीपर्यंत चालवत नव्हते.

अखेरच्या बोटीच्या आठवड्यात एका दुपारी माजघरात डबा पडल्याचा आवाज झाला. मी मागल्या अंगणात होते. हातातले टाकून आत आले तर जाऊबाई देव्हाऱ्यासमोर जमिनीवर बसलेल्या, आणि डाळ सगळीकडे पसरलेली. त्यांना डबा पेलला नव्हता. मामंजी माझ्याआधी पोचले होते. ते खाली बसून डाळ गोळा करीत होते. जाऊबाईही करीत होत्या. जाऊबाईंच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत आणि पुन्हा खाली येत. मामंजी त्या बांगड्यांकडे पाहत होते. 

मग ते उठले, हात झटकले आणि मला म्हणाले, "सूनबाई, नारळ आहे घरात?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बैलगाडीने निघालो. जाऊबाईंना गाडीचे हादरे सोसणारे नव्हते, त्या घरी राहिल्या. मला म्हणाल्या, "तू जा गो बरोबर." ह्यांना कचेरी होती. कचेरी नसती तरी ते आले असते का, ठाऊक नाही.

मामंजी त्या देवळात कित्येक वर्षांनी शिरत होते. गुरवाने त्यांना ओळखले. तोही म्हातारा झाला होता. "मास्तर, वाट चुकलात की काय?" म्हणाला. पण थट्टा पुढे नेली नाही. मामंजींच्या हातातला नारळ पाहून त्याने पाषाण धुवायला घेतला. देवळात आम्ही तिघेच होतो.

गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बा आये म्हाराजा, ह्या घराचो धनी आज तुज्या पायाशी नारळ घेऊन उभो हाय. घरची लक्षुमी आजारी हाय, तिला दर्यापार न्यायची हाय. तुजी राजी असंल तर उजवी दी." प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला चार माणसे लागतात. माणसे नव्हती. मामंजी म्हणाले. ज्या आवाजात शाळेत हजेरी घेत असत त्याच आवाजात प्रत्येक वेळी, स्पष्ट, "होय महाराजा." त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता.

आम्ही थांबलो. आत थंड होते. पाषाणावरून पाणी हळूहळू ओघळत होते. वारा कोणत्या बाजूने आहे ते मी पाहत होते, आणि मामंजीही तेच पाहत असणार.

डावी पडली.

गुरवाने ती उचलून पानावर ठेवली. "आयेन डावी दिलान, मास्तर. पावसाळो सरल्यावर फिरून विचारा."

"पुन्हा लाव," मामंजी म्हणाले.

"एका कामाक एकदाच. तुमाला म्हाईत हाय."

"लाव म्हणतो मी."

गुरवाने नकारार्थी मान हलवली, नारळ फोडला आणि एक वाटी त्यांच्या हातावर ठेवली. 

परतताना कातळ तापला होता. सावलीला झाड नाही, गाडीच्या चाकाखाली नुसता काळा दगड. रत्नागिरी दिसू लागल्यावर मामंजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बोलायचं ते मी बोलेन. तू गप्प राहा, एवढंच."

जाऊबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मामंजी गाडीतून उतरले आणि उंबऱ्यापर्यंत गेले.

"उजवी," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी गाडीतून रिकामी टोपली, पाण्याचा तांब्या, बसायची घोंगडी काढत होते. काढतच राहिले. मला तेव्हा वाईट वाटले नाही. बोट परवावर आली होती आणि बांधाबांध राहिली होती.

बंदरावर मामंजी पोचवायला आले होते. आगबोट खोल पाण्यात उभी होती, पडावातून तिच्यापर्यंत जायचे. खलाशांनी जाऊबाईंना घोंगडीत घालून पडावात ठेवले. मामंजी वाळूत छत्री उघडून उभे राहिले. जाऊबाईंनी निजल्या निजल्या त्यांना नमस्कार केला. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

बोटीवर मी डेकच्या कडेला सावलीत त्यांची पथारी घातली. किनारा मागे पडेपर्यंत त्या डोळे मिटून होत्या. मला वाटले झोपल्या.

"डावी पडली ना गो?" त्यांनी विचारले.

मी पाणी ओतत होते. भांडे भरून घेतले आणि म्हटले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामंजींनी. आजवर त्यांनी मला कशाचंही उत्तर एका शब्दात दिलंय? मीठ कमी आहे हे सांगायला त्यांना पाव घटका लागते. त्या दिवशी म्हणाले, उजवी, आणि आत गेले."

मला हसू आले. त्यांनाही आले, पण पोट दुखले म्हणून त्यांनी ते आवरले.

"मग आलात कशाला?"

"आजवर आई हो म्हणायची आणि घरातली माणसं नाही म्हणायची. ह्या वेळी उलटं झालं. म्हटलं, बघू या."

"म्हणजे आता तुम्ही मानत नाही?"

"मानत नाही कशी? ती आहे. डावी तिनेच दिलीन." त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. "ती आहे म्हणून तिचं सगळं ऐकलंच पाहिजे असं कुठंय? तुझा नवरा आहे ना? तू त्याचं सगळं ऐकतेस?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी पाणी घेतले. "मामंजींना सांगू नकोस हो. त्यांना वाटू दे साधलं म्हणून."

देव आहे आणि तरी त्याचे ऐकायचे नाही, या तऱ्हेला मासिकात काय नाव दिले आहे ते मला सापडलेले नाही. आमच्या घरातल्या सगळ्या 'नाहीं'मध्ये मला तेच सर्वांत अवघड वाटते. नाही म्हणताना मामंजींना समोर कुणी दिसत नव्हते. जाऊबाईंना दिसत होते.

मुंबईत इस्पितळात त्यांचे पोट उघडले आणि तसेच परत शिवले. गोळा सगळीकडे पसरला होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दिरांना म्हणाले, "उशीर झाला. आधी आणायचं होतं." दिरांनी त्या आठवड्यात मुंबईतले एकही देवस्थान सोडले नाही. चर्चलाही मेणबत्ती लावून आले, दर्ग्यालाही चादर घातली. जाऊबाई पाऊस सुरू झाल्यावर गेल्या, सकाळी, मी त्यांचे केस विंचरत असताना. शेवटचे दोन दिवस त्या देवीचे नावही घेत नव्हत्या आणि तिला दोषही देत नव्हत्या. दिरांनी बोटातली अंगठी काढली, पाहिली आणि परत घातली. "आता काढून तरी काय," म्हणाले.

बोटी बंद होत्या. ओळखीच्या एका कुटुंबाच्या सोबतीने मी आगगाडीने कोल्हापूरपर्यंत आले आणि तिथून मोटारीने घाट उतरले. जाऊबाईंना जो रस्ता मना होता तोच. खरेच फार हादरे बसतात.

मामंजी ओटीवर बसले होते. मी पाय धुऊन आत आले तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"उशीर झाला म्हणाले."

"किती?"

"ते मी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तिला कळलं होतं?"

सांगू नकोस असे जाऊबाई म्हणाल्या होत्या. पण त्या म्हणाल्या ते साधेल या हिशेबाने, आणि साधले नव्हते. "हो," मी म्हटले. "तुम्ही उजवी म्हणालात त्याच क्षणी."

"तरी गेली?"

"तरी गेली."

ते उठून मागल्या दारी गेले आणि पावसात उभे राहिले. मी चुलीचे पाहिले.

ह्यांनी नंतर एकदा माझ्याजवळ विषय काढला. कौल डावा पडला आणि वहिनी गेली, यावरून काही सिद्ध होते का? मग स्वतःच म्हणाले, नाही, दोन महिने उशीर झाला नसता तर काय झाले असते हे कळायला मार्ग नाही. मी म्हटले, "त्या दोन महिन्यांत आपण काय करत होतो ते कळायला तर मार्ग आहे ना?"

मूळ गावी बातमी पोचायला वेळ लागला नाही. डावा कौल मोडून बाई दर्यापार गेली आणि मेली. भाद्रपदात गावच्या मानकऱ्यांचा निरोप आला की कौल मोडल्याचा दोष आहे, तो कोणाचा ते देवळात येऊन सांगा. बाईने जाणूनबुजून मोडला असेल तर गावच्या गाऱ्हाण्यात घरच्या मेलेल्या माणसांची नावे घेतात त्यांत तिचे घेतले जाणार नाही. जाऊबाईंना याचे किती वाटले असते ते मला माहीत होते. मामंजींनाही होते.

ते गेले. मीही गेले. या वेळी देऊळ भरलेले होते.

"बाईला म्हाईत होता काय, आये नको म्हणालीन त्या?" एका मानकऱ्याने विचारले.

"नाही," मामंजी म्हणाले. आणि मग, त्यांच्या नेहमीच्या रीतीने, कारणे दिली. ती फार भाविक होती. डावी पडल्याचे कळले असते तर तिने घराबाहेर पाऊल टाकले नसते. मी तिला उजवी म्हणून सांगितले, तिने विश्वास ठेवला, तिच्या मनाला शंकाही शिवली नाही. लबाडी माझी एकट्याची. हे सगळे त्यांनी पाषाणाकडे तोंड करून, सावकाश, कुणाच्याही मनात काही राहणार नाही अशा तऱ्हेने सांगितले. गुरव माझ्याकडे पाहत होता. मी खाली पाहिले.

दोष मामंजींच्या माथी लागला. जाऊबाईंचे नाव गाऱ्हाण्यात राहिले. घराला शिक्षा अशी की शिमग्यात देवीची पालखी घरोघरच्या अंगणात येते, ती मामंजींच्या हयातीत आमच्या मूळ घराच्या अंगणात येणार नाही. भाऊबंदांनी आम्हाला शिव्या दिल्या. त्यांचेही अंगण तेच होते.

शिमग्याला मामंजी हट्टाने गावी गेले, मला बरोबर घेऊन. सकाळी उठून मी अंगण सारवले. पालखी येवो न येवो, त्याला सारवण हवेच होते. ढोल वाजत आले. शेजारच्या अंगणात पालखी नाचली, तिथल्या बायकांनी ओट्या भरल्या. मामंजी आमच्या गडग्यापाशी, अंगणाच्या दगडी कुंपणाशी, उघड्या डोक्याने उभे होते, सगळ्यांना दिसतील असे. पालखी गडग्याच्या तोंडापर्यंत आली. पुढचा भोई क्षणभर अडखळला, आणि मग सगळे वळून वरच्या वाडीकडे गेले.

ढोल लांब गेल्यावर मामंजी मागे फिरले. सारवलेल्या ओल्या जागेवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत आले आणि पायरीवर बसले.

"पाणी दे," म्हणाले. "ऊन फार झालं."